पबच्या लायसन्सचा रिव्ह्यू कसा मागायचा: इंग्लंड आणि वेल्समधल्या शेजाऱ्यांसाठी

इंग्लंड आणि वेल्समध्ये पब, बार, क्लब किंवा दारूच्या दुकानाला जो परवाना लागतो त्याला प्रिमायसेस लायसन्स म्हणतात. लायसन्सिंग ॲक्ट २००३ खाली तो स्थानिक कौन्सिल देते. हा परवाना सहसा बेमुदत असतो, हे अनेकांना माहीत नसतं. दरवर्षी फी भरावी लागते, पण दरवर्षी कोणी तपासून नवा परवाना देत नाही. जागेचा कारभार बिघडला, रात्री दोनपर्यंत भिंती हादरू लागल्या, दारात मारामाऱ्या होऊ लागल्या, तरी परवाना आपोआप प्रश्नाखाली येत नाही. कोणीतरी तो प्रश्न विचारावा लागतो. ते विचारण्याची कायदेशीर वाट म्हणजे रिव्ह्यू, परवान्याचा फेरविचार.

रिव्ह्यू कोणीही मागू शकतं. पूर्वी अर्जदार त्या जागेच्या आसपास राहणारा असावा लागे. २०१२ मध्ये ती अट गेली. फी नाही, वकील सक्तीचा नाही. अट एकच: तुमचं म्हणणं कायद्याच्या चार उद्दिष्टांपैकी एकाला तरी धरून हवं. गुन्हे आणि दंगाधोपा रोखणं, लोकांची सुरक्षितता, सार्वजनिक उपद्रव रोखणं आणि मुलांना अपायापासून वाचवणं ही ती चार. घराची किंमत उतरली, पार्किंगला जागा मिळत नाही, दारूच मुळात वाईट, असे मुद्दे यात बसत नाहीत. ते अर्जात घातले की खरे मुद्देही पातळ होतात. (स्कॉटलंड आणि उत्तर आयर्लंडचे कायदे वेगळे आहेत, इथलं काही तिकडे लावू नका.)

रिव्ह्यूत जिंकतं ते त्रासाचं वर्णन नव्हे, तर साखळी. हा त्रास झाला, तो या जागेतून आणि या कारणाने झाला, आणि ही अट घातली तर तो थांबेल. या तीन कड्यांपैकी एक जरी सुटली तर रिव्ह्यू ऐकणाऱ्या कौन्सिलरांच्या समितीची सहानुभूती मिळते, पण निर्णय मिळत नाही. पुढचं सगळं काम या तीन कड्या घट्ट करण्याचं आहे.

आधी परवाना वाचा

कौन्सिलला परवान्यांची नोंदवही ठेवावी लागते आणि ती कोणालाही फुकट पाहता येते. बहुतेक कौन्सिलांनी ती वेबसाइटवर टाकलेली असते. परवान्याचा संक्षेप जागेत दर्शनी भागी लावणं बंधनकारक असतं, पण तेवढ्यावर थांबू नका, पूर्ण परवाना मागवा. त्यात पहिल्या पानांवर वेळा असतात: दारूविक्री कितीपर्यंत, संगीत कितीपर्यंत, जागा कितीपर्यंत उघडी. मग पुरवण्या येतात. पुरवणी १ मध्ये सगळ्या परवान्यांना लागू असलेल्या सक्तीच्या अटी, २ मध्ये मालकाने अर्ज करताना स्वतः कबूल केलेल्या अटी, ३ मध्ये सुनावणीनंतर समितीने घातलेल्या अटी, आणि ४ मध्ये नकाशे.

पुरवणी २ आणि ३ पेन्सिल घेऊन वाचा. कितीदा तरी असं आढळतं की ‘रात्री १० नंतर मागचं अंगण बंद’ ही अट तिथे आधीपासूनच आहे, फक्त ती कोणी पाळत नाही. तसं असेल तर तुमचं निम्मं काम झालं. अट मोडणं म्हणजे परवान्याबाहेर जाऊन व्यवसाय करणं, आणि कलम १३६ खाली तो गुन्हा आहे: अमर्याद दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. अशा वेळी रिव्ह्यूच्या आधी लायसन्सिंग एन्फोर्समेंटला, म्हणजे अटी पाळल्या जातात का ते पाहणाऱ्या कौन्सिलच्या विभागाला, लेखी कळवा. अधिकाऱ्यांनी भेट देऊन नोंद केली की तीच नोंद पुढे तुमचा पुरावा होते.

आणखी एक गोष्ट इथेच तपासा, कारण ती नंतर हमखास नडते. लाइव्ह म्युझिक ॲक्ट २०१२ आणि त्यानंतरच्या सवलतींमुळे, दारूचा परवाना असलेल्या जागेत सकाळी ८ ते रात्री ११ या वेळात ५०० पर्यंत श्रोत्यांसमोर संगीत वाजवायला वेगळी परवानगी लागत नाही. इतकंच नाही, परवान्यात संगीतावर घातलेल्या अटी त्या वेळात निलंबित राहतात. म्हणजे ‘सर्व खिडक्या संगीत चालू असताना बंद’ असं कागदावर असूनही संध्याकाळी ८ वाजता ती अट झोपलेली असू शकते. तिला जागं करण्याचा अधिकार समितीला फक्त रिव्ह्यूत आहे, लायसन्सिंग ॲक्टच्या कलम १७७अ खाली. तुमचा त्रास रात्री ११ च्या आधीचाही असेल तर अर्जात हे कलम नावानिशी लिहा. ते मागितलंच नाही म्हणून, चांगल्या अटी मिळूनही संध्याकाळचा गोंगाट तसाच राहिला, असं होतं.

डायरी: सगळा डोलारा हिच्यावर उभा

आवाजाच्या तक्रारीत डायरीइतकी वजनदार वस्तू दुसरी नाही. पण ती त्याच रात्री लिहिलेली हवी. महिनाभराने आठवून लिहिलेली डायरी प्रश्नोत्तरांत दोन मिनिटांत उघडी पडते. ‘रोज रात्री असह्य आवाज’ हे वाक्य निरुपयोगी आहे. उपयोगी नोंद अशी दिसते:

‘दि. ६, शुक्रवार. ११.४० ते १.२५. मागची बेडरूम, पहिला मजला, खिडकी बंद, दुहेरी काच. संगीताचा बास, शब्द कळत नाहीत पण ठेका स्पष्ट. बाजूच्या फायर एक्झिटचं दार टेकण लावून उघडं ठेवलेलं खिडकीतून दिसलं. १२.१० ला पबला फोन, “बघतो” म्हणाले, फरक नाही. १२.३० ला कौन्सिलच्या रात्रपाळीच्या नंबरवर तक्रार, संदर्भ क्रमांक घेतला. १.१५ ला बाटल्या कचऱ्याच्या डब्यात ओतल्याचा आवाज, मूल जागं झालं.’

या एका नोंदीत तीन वेगवेगळे उगम आहेत: उघडं दार, बास आणि बाटल्या. प्रत्येकाला वेगळी अट लागेल. फायर एक्झिट उघडं दिसलं हे लिहिलं नसतं, तर मालक म्हणाला असता की आमची ध्वनिरोधक व्यवस्था उत्तम आहे, आवाज शेजारच्या जागेतून येत असेल. ‘शब्द कळत नाहीत पण ठेका स्पष्ट’ हे ध्वनितज्ज्ञाला लगेच समजतं. उंच स्वर भिंती आणि काचा अडवतात, खालचा बास अडत नाही. आवाज थोडा कमी करून हा त्रास जात नाही, बासची पट्टी वेगळी कापावी लागते.

सहा ते आठ आठवडे डायरी ठेवा, आणि शांत रात्रीही नोंदवा. ‘दि. १०, मंगळवार, काही नाही’ अशा ओळी डायरीची विश्वासार्हता वाढवतात. शिवाय त्रास ठरावीक रात्रींनाच, म्हणजे डीजे असतो तेव्हाच होतो, हे त्यातून आपोआप दिसतं. शक्य असेल तर तीन-चार घरांनी वेगवेगळ्या डायऱ्या ठेवाव्यात, एकमेकांच्या न बघता. दोन घरांत ११.४० ला सुरुवात नोंदली असेल तर त्यावर वाद उरत नाही.

फोनवरच्या डेसिबल ॲपचे आकडे अर्जात मिरवू नका. फोनचा माइक कॅलिब्रेट केलेला नसतो आणि आवाजाची पातळी तो स्वतःच वरखाली करतो, त्यामुळे समोरचा ध्वनितज्ज्ञ ते आकडे सहज खोडून काढतो, आणि त्यांच्यासोबत तुमच्या बाकीच्या पुराव्यालाही ओरखडा जातो. रेकॉर्डिंग मात्र जरूर करा. खोलीच्या मध्यभागी फोन ठेवा, सुरुवातीला वेळ आणि जागा मोठ्याने बोला, मग गप्प राहा. ते ‘किती’ सांगण्यासाठी नसून ‘काय ऐकू येतं’ हे सांगण्यासाठी आहे. मोजणीचं काम कौन्सिलच्या एन्व्हायर्नमेंटल हेल्थ विभागाचं. अनेक कौन्सिला आठवडाभर घरात ठेवायला रेकॉर्डिंग यंत्र देतात, ते मागा. त्या अधिकाऱ्याने स्वतः तुमच्या बेडरूममध्ये उभं राहून ऐकलं आणि लिहिलं, तर त्या एका पानाचं वजन तुमच्या चाळीस पानांहून जास्त भरतं.

सार्वजनिक उपद्रव म्हणजे संपूर्ण रस्ता त्रासलेला हवा, असा गैरसमज आहे. होम ऑफिसच्या (गृहमंत्रालयाच्या) मार्गदर्शनात, जवळच्या मोजक्या लोकांना होणारा कमी तीव्रतेचा त्रासही यात येऊ शकतो असं म्हटलं आहे. डेसिबलची एकच ठरलेली रेषाही लायसन्सिंगमध्ये नाही.

गुन्ह्याचा पुरावा आवाजासारखा नसतो

इथे घोळ होतो तो ‘या भागात गुन्हे वाढलेत’ आणि ‘या जागेमुळे गुन्हे होतात’ यांची गल्लत केल्याने. पोलिसांच्या सार्वजनिक नकाशावर दिसणारे ठिपके मुद्दाम अंदाजे जागी टाकलेले असतात, नेमक्या दारावर नव्हे. तो नकाशा छापून अर्जाला जोडला तर समोरचा वकील पहिल्याच मिनिटाला हे सांगेल. त्यापेक्षा तुम्ही किंवा शेजाऱ्यांनी पोलिसांना केलेल्या प्रत्येक फोनचा संदर्भ क्रमांक, तारीख आणि भांडण कुठे सुरू झालं हे लिहा. ‘दोघं दारातून ढकलत बाहेर आले, डोअरमन आत निघून गेला’ हे जागेशी जोडलेलं आहे. ‘कोपऱ्यावर मारामारी झाली’ हे नाही.

माहिती अधिकारासारखा इथला कायदा, फ्रीडम ऑफ इन्फर्मेशन ॲक्ट २०००, वापरून त्या पत्त्यावर गेल्या वर्षभरात किती वेळा पोलिस बोलावले गेले आणि कौन्सिलकडे किती तक्रारी आल्या, हे विचारता येतं. उत्तराची मुदत २० कामाचे दिवस. म्हणून हे सगळ्यात आधी पाठवा.

प्रत्येक पोलिस दलात लायसन्सिंग पाहणारा अधिकारी असतो. अर्ज करण्याआधी त्याला भेटा. अमली पदार्थांची विक्री, अल्पवयीनांना दारू, शस्त्रं असं काही असेल तर तुम्ही पुढे होण्यापेक्षा पोलिसांनीच रिव्ह्यू मागणं सगळ्या दृष्टींनी बरं, तुमच्या सुरक्षिततेच्या दृष्टीने तर नक्कीच. अशा गुन्ह्यांत पहिल्याच वेळी परवाना रद्द करण्याचाही गांभीर्याने विचार व्हावा, असं होम ऑफिसचं मार्गदर्शन सांगतं. कोणाला शिक्षा झालेली असण्याची गरज नाही. लायसन्सिंगची समिती फौजदारी कोर्ट नाही.

प्रकरण फारच गंभीर असेल तर पोलिसांकडे तातडीचा रिव्ह्यू आहे, कलम ५३अ खाली. सुपरिंटेंडेंट किंवा वरच्या दर्जाचा अधिकारी दाखला देतो की जागा गंभीर गुन्ह्याशी किंवा गंभीर दंग्याशी जोडलेली आहे. मग कौन्सिलला ४८ तासांत, सुटीचे दिवस वगळून, तात्पुरती पावलं विचारात घ्यावी लागतात. परवाना त्या क्षणी निलंबितही होऊ शकतो. पूर्ण सुनावणी २८ दिवसांत होते. या मार्गात शेजाऱ्यांना लिहून द्यायला अवघे १० कामाचे दिवस मिळतात, म्हणून दारावर नोटीस दिसली की त्याच दिवशी बसा. हा अर्ज तुम्ही करू शकत नाही, पण तुमच्या डायऱ्या पोलिसांना देऊ शकता.

अर्ज करण्याआधीची एक फेरी

जागेच्या मालकाशी किंवा मॅनेजरशी बोलल्याशिवाय रिव्ह्यू मागू नका. सभ्यता म्हणून तर आहेच, पण सुनावणीत पहिला प्रश्न हाच येतो: तुम्ही त्यांना सांगितलंत का? ईमेल करा, म्हणजे तारीख राहते. काय हवं ते मोजक्या शब्दांत लिहा आणि २१ दिवस द्या. चांगला मालक कधीकधी स्वतःहून अटी स्वीकारतो. तसं झालं तर तोंडी आश्वासनावर समाधान मानू नका. परवान्यात ‘मायनर व्हेरिएशन’, म्हणजे छोटा बदल, करून त्या अटी लिहून घ्यायला सांगा. त्याची फी ८९ पौंड आणि सारं काम काही आठवड्यांत उरकतं. मॅनेजर बदलला की आश्वासन विरतं, परवान्यातली अट तशीच राहते.

ही फेरी महत्त्वाची असण्याचं आणखी एक कारण आहे. रहिवाशांकडून त्याच कारणासाठी १२ महिन्यांत एकापेक्षा जास्त रिव्ह्यू होऊ नये, अशी मार्गदर्शनाची शिफारस आहे. अर्धवट पुराव्यावर अर्ज केला आणि थातूरमातूर अटी पदरात पडल्या, तर वर्षभर हात बांधले जातात. दोन महिने थांबून भक्कम अर्ज करणं परवडतं.

अर्ज आणि त्याची घड्याळं

ठरलेला फॉर्म कौन्सिलच्या वेबसाइटवर मिळतो. त्यात तुमचं नाव-पत्ता, जागेचा पत्ता, कोणत्या उद्दिष्टांवर अर्ज आहे, कारणं आणि पुरावा. कारणांच्या रकान्यात दोन पानांपेक्षा जास्त लिहू नका. डायऱ्या आणि ईमेल मागे क्रमांक देऊन जोडा. फॉर्ममध्ये मुद्दाम खोटं विधान करणं हा गुन्हा आहे, तेव्हा ‘बहुतेक’ असेल तिथे ‘बहुतेक’च लिहा.

सगळ्यात जास्त अर्ज लंगडे पडतात ते प्रतींच्या बाबतीत. अर्जाची प्रत परवानाधारकाला आणि प्रत्येक ‘रिस्पॉन्सिबल ऑथॉरिटी’ला, म्हणजे पोलिस, अग्निशमन, एन्व्हायर्नमेंटल हेल्थ, प्लॅनिंग वगैरेंना, त्याच दिवशी गेली पाहिजे. पत्त्यांची यादी कौन्सिल देते. ऑनलाइन अर्ज करणार असाल तर प्रती कोण पाठवणार हे लायसन्सिंग ऑफिसरला आधी ईमेलने विचारून घ्या. परवानाधारक म्हणजे बारमागे उभा असलेला माणूस असेलच असं नाही. अनेकदा ती दुसऱ्या शहरातली कंपनी असते. तिचं नाव आणि पत्ता परवान्यावर असतो, प्रत तिथेच पाठवा.

तुमचं नाव मालकाला कळणार हे गृहीत धरा. अगदी अपवादात्मक धोका असेल तरच कौन्सिल ते लपवते. भीती खरी असेल तर अर्ज तुमच्या नावाने न करता वॉर्डच्या कौन्सिलरला किंवा पोलिसांना विनंती करा.

अर्ज स्वीकारला की दुसऱ्या दिवसापासून २८ दिवस कौन्सिल जागेवर किंवा जवळ नोटीस लावते: फिकट निळा, किमान ए४ आकाराचा कागद, मोठ्या ठशात. तो रोज येताजाता बघा आणि फोटो काढा. फाडला गेला तर लगेच कळवा, नाहीतर पुढे कोणीतरी नोटीस नीट लागलीच नव्हती असा मुद्दा काढतं. या २८ दिवसांत शेजाऱ्यांनी आपापली पत्रं पाठवायची. शंभर सह्यांच्या निवेदनापेक्षा स्वतःच्या शब्दांतली दहा पत्रं जड पडतात. एकच मजकूर दहा जणांनी चिकटवला तर तो एका पत्रासारखाच वाचला जातो. पबचे नेहमीचे गिऱ्हाईकही याच काळात त्याच्या बाजूने लिहितील. तो त्यांचा हक्क आहे, त्याने खचू नका.

मुदत संपल्यावर २० कामाच्या दिवसांत सुनावणी सुरू व्हावी लागते. म्हणजे अर्जापासून साधारण दोन महिने. सुनावणीची सूचना किमान १० कामाचे दिवस आधी येते, आणि तुम्ही येणार का, कोणाला बोलायला आणणार, हे ५ कामाचे दिवस आधी कळवावं लागतं. हा फॉर्म भरायला विसरलेल्या माणसाच्या साक्षीदाराला बोलू देतीलच असं नाही.

काय मागायचं

समिती पाच गोष्टी करू शकते: अटी बदलणं किंवा वाढवणं, संगीतासारखा एखादा प्रकार परवान्यातून काढून टाकणं, दारूविक्रीवर देखरेखीसाठी परवान्यात नेमलेला सुपरवायझर हटवणं, तीन महिन्यांपर्यंत परवाना निलंबित करणं, किंवा तो रद्द करणं. काहीही न करण्याचाही पर्याय तिच्याकडे असतो.

फक्त आवाजाचा प्रश्न असताना ‘परवाना रद्द करा’ एवढंच मागणारा अर्ज समितीची अडचण करतो. समितीने उचललेलं पाऊल त्रासाच्या मानाने योग्य आणि प्रमाणात असावं लागतं. तुम्ही अटी सुचवल्या नाहीत तर पबचा वकील सुचवेल, त्याच्या सोयीच्या. म्हणून प्रत्येक त्रासासमोर एक अट लिहून न्या, आणि ती अशी लिहा की कोणताही अधिकारी दारात उभा राहून ‘पाळली’ किंवा ‘मोडली’ एवढंच म्हणू शकेल.

‘मालकाने शेजाऱ्यांना त्रास होणार नाही याची काळजी घ्यावी’ ही अट वाचायला गोड आहे आणि अंमलात शून्य. तिच्याऐवजी:

‘रात्री ९ नंतर सर्व बाहेरची दारं-खिडक्या बंद राहतील, लोकांच्या येण्याजाण्यापुरतं दार उघडणं सोडून.’ दोन दारांमधली छोटी जागा, म्हणजे लॉबी, असेल तर दोन्ही दारं एकाच वेळी उघडी राहणार नाहीत हेही जोडा.

‘ॲम्प्लिफायरवरचं सर्व संगीत साउंड लिमिटरमधूनच (आवाज ठरलेल्या पातळीवर रोखणाऱ्या यंत्रातूनच) जाईल, त्याची पातळी एन्व्हायर्नमेंटल हेल्थ अधिकारी ठरवेल, यंत्र कुलूपबंद राहील, बाहेरचा डीजेही त्यालाच जोडेल.’ शेवटचे शब्द सोडू नका. लिमिटर बसवून घेतला आणि पाहुण्या डीजेने स्वतःचा ॲम्प्लिफायर आणून थेट भिंतीच्या सॉकेटला लावला, ही या अटीतली सगळ्यात ओळखीची पळवाट. पातळी बासच्या पट्टीत वेगळी बांधून घ्या.

‘रात्री १० नंतर मागचं अंगण बंद, पुढे धूम्रपानासाठी एका वेळी जास्तीत जास्त १० जण, त्यांनी पेय बाहेर नेऊ नये.’ ग्लास हातात नसला की माणूस सिगारेट संपवून आत जातो. ग्लास असला की तिथेच मैफल जमते. बाहेरच्या आवाजासाठी याहून परिणामकारक अट क्वचितच सापडते.

‘बाटल्या आणि कचरा रात्री ११ ते सकाळी ८ दरम्यान बाहेर टाकणार नाही, माल उतरवणंही नाही.’

गुन्ह्यासाठी: एसआयए (सुरक्षारक्षकांना परवाने देणारी सरकारी संस्था) परवान्याचे डोअरमन किती आणि कोणत्या वेळी हे आकड्यात; सीसीटीव्ही प्रवेशद्वारासह, चित्रण ३१ दिवस साठवून मागितल्यावर पोलिसांना मिळेल असं; घटनांची नोंदवही; जागा बंद होण्याच्या किमान तासभर आधी शेवटचा प्रवेश; आणि गर्दी पांगवण्याची लेखी पद्धत. शेवटच्या तासात संगीत आणि दिवे टप्प्याटप्प्याने बदलले, की शंभर लोक एकदम रस्त्यावर ओतले जात नाहीत.

एक मर्यादा ध्यानात ठेवा. जागेच्या दाराशी आणि लगतच्या भागात होणाऱ्या वर्तनाची जबाबदारी परवानाधारकावर टाकता येते. तीन रस्ते पलीकडे बसथांब्यावर कोणी ओरडलं तर ती त्या माणसाची वैयक्तिक जबाबदारी धरतात.

सुनावणीच्या खोलीत

समोर तीन कौन्सिलर बसतात, शेजारी त्यांचा कायदेशीर सल्लागार. लायसन्सिंग ऑफिसर अहवाल मांडतो, मग तुम्ही, मग परवानाधारक. दोन्ही बाजूंना सारखा वेळ मिळतो, आणि तो थोडाच असतो. उलटतपासणी सहसा होत नाही. प्रश्न समितीमार्फत जातात. नवे कागद त्या दिवशी खिशातून काढू नका, सगळ्या पक्षांनी हो म्हटलं तरच ते घेतले जातात. नवा व्हिडिओ असेल तर तो आधीच पाठवा आणि दाखवायची सोय आहे का विचारा.

दहा मिनिटं मिळाली तर सात मिनिटं अटींवर घालवा. त्यांनी त्रास वाचलेला असतो. अहवालातला पान क्रमांक सांगत बोला: ‘पान ४२, दि. ६ ची नोंद, उघडं फायर एक्झिट; म्हणून अट क्रमांक १.’

समोरून येणारे तीन युक्तिवाद ओळखीचे आहेत. पहिला: पब आधीपासून इथे आहे, तुम्ही नंतर राहायला आलात. याचं उत्तर वाद घालून नव्हे, काय बदललं ते दाखवून द्या. पूर्वी वेळा वेगळ्या होत्या, डीजे नव्हता, अंगणात छत नव्हतं. दुसरा: आता नवं व्यवस्थापन आलंय. रिव्ह्यूच्या मधेच परवाना दुसऱ्या नावावर करता येतो. पोलिस गुन्ह्याच्या कारणावरून १४ दिवसांत हरकत घेऊ शकतात, तेव्हा त्यांना लगेच कळवा. तुम्ही एवढंच म्हणा की नवा मालक चांगला असेल तर या अटींनी त्याचं काही बिघडणार नाही. तिसरा: हे सगळं ‘टेम्पररी इव्हेंट नोटीस’ खाली, म्हणजे परवान्याबाहेरच्या एखाद्या तात्पुरत्या कार्यक्रमासाठी कौन्सिलला दिलेल्या नोटिशीखाली, झालं होतं. अशा नोटिसांवर पोलिस आणि एन्व्हायर्नमेंटल हेल्थलाच हरकत घेता येते आणि तीही ३ कामाच्या दिवसांत, म्हणून पुढच्या नोटिसांकडे लक्ष ठेवायला त्या अधिकाऱ्याला आत्ताच सांगून ठेवा.

निकाल आणि अपील

निर्णय सुनावणीनंतर ५ कामाच्या दिवसांत होतो आणि तो कारणांसह लेखी कळवावा लागतो. दोन्ही बाजूंना २१ दिवसांत मॅजिस्ट्रेट कोर्टात अपील करता येतं. इथे मन घट्ट करावं लागतं: अपिलाची मुदत संपेपर्यंत, आणि अपील झालं तर त्याचा निकाल लागेपर्यंत, नव्या अटी लागू होत नाहीत. पब जुन्या परवान्यावर चालू राहतो. (तातडीच्या रिव्ह्यूतली तात्पुरती पावलं मात्र पुढे चालू ठेवता येतात.) या महिन्यांत डायरी थांबवू नका. मॅजिस्ट्रेट त्या दिवशीची परिस्थिती पाहतात, त्यामुळे निकालानंतरच्या नोंदीही पुरावा ठरतात.

अपिलात समितीचा निर्णय चुकीचा होता हे दाखवण्याचा भार अपील करणाऱ्यावर असतो. हे २०११ मध्ये कोर्ट ऑफ अपीलने स्पष्ट केलं, आणि ते प्रकरण नेमकं असंच होतं: लंडनच्या सोहोतला एक पब, बाहेर उभे राहून पिणाऱ्यांचा आवाज, आणि संध्याकाळी ६ नंतर उघड्या ग्लासात पेय बाहेर नेण्यावर समितीने घातलेली बंदी. पबवाले हरले. म्हणूनच समितीची कारणं नीट लिहिली गेली आहेत ना, याकडे लक्ष द्या. पुढे तीच ढाल होतात.

रद्द झालेला परवाना नेहमी रद्दच राहतो असंही नाही. लंडनच्या फॅब्रिक क्लबचा परवाना सप्टेंबर २०१६ मध्ये, अमली पदार्थांशी संबंधित दोन मृत्यूंनंतर, इस्लिंग्टन कौन्सिलने काढून घेतला. नोव्हेंबरमध्ये अपिलाच्या वाटेवर तडजोड झाली आणि ३२ नव्या अटींवर क्लब पुन्हा सुरू झाला. असा समझोता दोन पक्षांत ठरतो, कौन्सिल आणि परवानाधारक. तुम्ही स्वतः अपिलात नसाल तर कौन्सिलच्या वकिलाला लेखी कळवून ठेवा की तडजोडीच्या अटी ठरण्याआधी तुमचं मत घ्यावं. तुम्ही स्वतः अपील करणार असाल तर खर्चाचा आदेश अंगावर येऊ शकतो, तेव्हा आधी सल्ला घ्या.

बाजूच्या वाटा

रिव्ह्यू चालू असतानाही एन्व्हायर्नमेंटल प्रोटेक्शन ॲक्ट १९९० खालची वाट खुली असते. आवाज कायदेशीर उपद्रवाइतका असेल तर कौन्सिलला तो थांबवण्याची नोटीस काढावीच लागते. कौन्सिल हलली नाही तर कलम ८२ खाली तुम्ही स्वतः मॅजिस्ट्रेटकडे जाऊ शकता. आवाजाच्या बाबतीत समोरच्याला आधी किमान तीन दिवसांची लेखी सूचना द्यावी लागते. दंगाधोपा चालूच असेल तर पोलिस किंवा कौन्सिल २०१४ च्या समाजविघातक वर्तन कायद्याखाली जागा बंद करण्याची नोटीस देऊ शकतात. त्यावर कोर्टाने बंदीचा आदेश काढला, तर परवान्याचा रिव्ह्यू कौन्सिलला आपोआप घ्यावा लागतो. त्यासाठी तुमचा अर्ज लागत नाही, पण नोटीस लागली की तुमची पत्रं आणि डायऱ्या मुदतीत पोचल्या पाहिजेत.

नव्या अटी लागू झाल्या की त्यांची प्रत फ्रीजवर लावा आणि पहिले तीन महिने डायरी चालू ठेवा. या वेळी प्रत्येक नोंदीसमोर मोडलेल्या अटीचा क्रमांक लिहा आणि ती दर महिन्याला एन्फोर्समेंट अधिकाऱ्याला ईमेल करा.